न जळालेलं टेबल

माझे वडील सुतार, पण कार्ल्यातले. नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं, फार तर लग्नाचे पाट, एवढंच त्यांचं काम. जेवायचं टेबल म्हणजे काय हे मी लग्न होऊन लोणावळ्याला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. लाकडावर ताट ठेवून, पाय लोंबकळत सोडून माणसं जेवतात याचं मला तेव्हा फार हसू आलं होतं.

सासरचं दुकान बाजारपेठेत होतं. पुढे दुकान, मागे पत्र्याखाली कारखाना आणि त्याच्याही मागे आमच्या राहत्या खोल्या. कारखान्यातली माणसं बहुतेक जवळच्या कुरवंडे गावची. सकाळी चालत यायची, दिवेलागणीला चालत परत जायची. लोणावळ्यात मुंबईकरांचे बंगले पुष्कळ. उन्हाळ्यात आणि दिवाळीत ते उघडायचे, एरवी बंद. पावसाळा सरला की त्या बंगल्यांतलं सामान बुरशी धरून, सांधे सुटून आमच्याकडे यायचं. कपाटांची दारं फुगलेली असायची, खुर्च्यांचे वेत कुजलेले असायचे. आमची चूल त्या बुरशीवर चालायची म्हटलं तरी चालेल.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, उंच आणि जरा वाकलेले होते. बोलणं कमी. लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे. मामंजी कधी खोटं बोललेच नाहीत असं मी म्हणणार नाही. 'परवा देतो' असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांना महिना-महिना खेपा घालायला लावल्या आहेत. पण त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. लाकूड वाळायला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला धीर नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

विम्याचा आमचा पहिला संबंध आला तो एका मुंबईच्या शेटजींमुळे. त्यांचा बंगला फोडून चोरांनी भांडीकुंडी नेली. बंगल्याचा विमा होता. शेटजी दुकानात आले आणि मामंजींना म्हणाले, "मिस्त्री, शिसवी कपाट चोरांनी फोडलं, तुम्ही नवीन करून दिलं, असं बिल करा." मामंजींनी कपाट पाहिलेलं होतं. ते म्हणाले, "कपाट धड हाय, शेट. कुलूप तेवढं मोडलंय. कुलपाचं लिवून देतो."

शेटजी त्यानंतर आमच्याकडे फिरकले नाहीत. बंगल्याचं सगळं काम गेलं. तरी घरात कोणाला वाईट वाटलं नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उलट त्या रात्री जेवताना मामंजींना आग्रह करकरून वाढलं. त्या शेटजींना नाही म्हणणं सोपं होतं. त्यांचे आमच्यावर काही उपकार नव्हते आणि त्यांच्या कपाटावाचून त्यांचं काही अडणारही नव्हतं. खरी पंचाईत दोन-तीन वर्षांनी झाली, ती मावशींच्या वेळी.

मावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. ब्राह्मणाच्या, पुण्याच्या. त्यांचे यजमान डॉक्टर होते आणि आजारातून उठलेल्या माणसांना हवापालटासाठी राहता यावं म्हणून त्यांनी लोणावळ्यात घर बांधलं होतं. डॉक्टर गेल्यावर मावशींनी ते तसंच चालू ठेवलं. विषमज्वरातून उठलेली, ऑपरेशन झालेली माणसं महिना-दोन महिने राहायची. मावशी त्यांना वेळेवर खायला घालायच्या, वेळेवर फिरायला पिटाळायच्या आणि ऐकलं नाही तर चांगलं फैलावर घ्यायच्या. घर डॉक्टरांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, दोघांचं मिळून होतं. हे धाकटे दीर पुण्याला वकील होते. वहिनींनी हा व्याप आवरावा आणि घर विकून टाकावं असं त्यांचं कधीपासून चाललं होतं.

माझं पहिलं बाळंतपण मावशींनी केलं. माहेरी कार्ल्याला जायचं ठरलं होतं, पण दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या आणि मूल अडलं. सुईणीनं हात टेकले तेव्हा आत्याबाई स्वतः धावत जाऊन मावशींना घेऊन आल्या. डॉक्टरांच्या हाताखाली मावशी बरंच काही शिकल्या होत्या. मला त्यातलं एवढंच आठवतं की कोणीतरी माझ्या कपाळावर गार हात ठेवून अगदी रागानं सांगत होतं, "डोळे मिटायचे नाहीत. माझ्याकडे बघ." मुलगी झाली, आम्ही दोघी वाचलो. पुढे दुपारच्या वेळी मुलीला घेऊन मी मावशींच्या पडवीत जाऊ लागले आणि तिथेच त्यांनी मला लिहा-वाचायला शिकवलं. आज मी हे लिहिते आहे ते त्या दुपारींमुळे.

मावशींच्या घरातलं सगळं लाकडी सामान मामंजींनी केलेलं होतं. त्यात जेवणाचं एक मोठं सागवानी टेबल होतं. गोल कोपरे, पायांवर वेलीचं कोरीवकाम. डॉक्टरांनी ते हौसेनं करवून घेतलं होतं. पेशंट मंडळी आणि डॉक्टर सगळे त्याच टेबलाभोवती बसून जेवायचे. मावशी मात्र स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या. त्या टेबलाशेजारी काचेचं एक कपाट होतं, तेही मामंजींच्याच हातचं.

एका वर्षी मावशींकडे एक तरुण शिक्षिका राहायला आली. तिला क्षय आहे हे आल्यावर कळलं. कळल्याबरोबर बाकीची माणसं एकेक करून निघून गेली आणि नवीन कोणी येईना. त्या मुलीला घालवून दिलं असतं तर घर पुन्हा भरलं असतं. मावशींनी घालवलं नाही. पावसाळा, दिवाळी, थंडी, तेवढी एकच मुलगी त्या घरात राहिली. शेवटी तिला जरा बरं वाटू लागलं आणि तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. पण तोवर मावशींचं घर पार रितं झालं होतं.

तेव्हा एक दिवस त्यांनी मामंजींना बोलावून टेबल आणि कपाट विकत घ्यायला सांगितलं. "आणि मिस्त्री," त्या म्हणाल्या, "हे कोणाला कळता कामा नये. पुण्याला कळलं तर माझे दीर घर बंद करायला टपलेलेच आहेत."

मामंजींनी शब्द दिला. गाडीवर ताडपत्री टाकून सामान आणलं. कपाट लवकरच एका बंगल्यात गेलं. टेबल मात्र दुकानातच राहिलं, त्यावर एक जुनी चादर पडलेली असायची. कोणी विचारलं तर मामंजी म्हणायचे, "त्याचं अजून ठरलं न्हाई."

पुढच्या वर्षी वैशाखात मावशींच्या घराला आग लागली. मागच्या अंगाला न्हाणीघर होतं. तिथल्या चुलाण्यातली राख कोणीतरी नीट न विझवता बाहेर टाकली. वारा होता, गवत वाळलेलं होतं. बघता बघता मागची पडवी आणि तिला लागून असलेली जेवायची खोली पेटली. आख्खी आळी घागरी घेऊन धावली. आमचे हे आणि कुरवंड्याची माणसं कौलांवर चढली. पुढचं घर वाचलं. जेवायच्या खोलीचं छप्पर खाली बसलं आणि आतल्या खुर्च्या, बाकं, फळ्या, सगळ्याचा कोळसा झाला. मावशी अंगणात उभ्या होत्या. त्यांच्याकडे तेव्हा दोन बायका राहत होत्या. त्यांना त्या एवढंच सांगत होत्या की धुरात उभ्या राहू नका, खोकला लागेल.

घराच्या सामानाचा विमा डॉक्टरांनीच उतरवलेला होता आणि मावशींनी तो चालू ठेवला होता. आग लागल्याचं कळताच पुण्याहून दिरांनी सगळे कागद तयार करून पाठवले. वकीलच ते. विमा उतरवताना केलेली सामानाची यादी त्यांच्याकडे होती, तीच त्यांनी जळालेल्या सामानाची म्हणून उतरवून काढली. तिच्यात पहिलंच नाव जेवणाच्या टेबलाचं, दुसरं काचेच्या कपाटाचं. मावशींनी फक्त सही करायची होती.

त्यांनी सही केली. मग आमच्या दुकानात आल्या. चादर टाकलेल्या टेबलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"विमा कंपनीचे साहेब येणार आहेत," त्या म्हणाल्या. "सामान तुमच्या दुकानातलं म्हणून तुम्हाला विचारतील. मिस्त्री, तुम्हाला खोटं काही बोलायचं नाही. तुम्हीच ते केलंत एवढंच सांगा. केलं आहेच ना तुम्ही?"

मामंजी म्हणाले, "केलं हाय."

"मग झालं," असं म्हणून मावशी निघून गेल्या. एरवी माझ्या मुलीला उचलून घेतल्याशिवाय त्या कधी जात नसत. त्या दिवशी तशाच गेल्या.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे बोलणं झालं तसं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की मावशींनी सांगितलं तेवढंच बोलावं. साहेबानं विचारलं, तुम्ही केलं का, तर हो म्हणावं. त्यापुढं काही विचारलं तर आम्हाला ठाऊक नाही म्हणावं. "आन् टेबल मागं कारखान्यात न्हेऊन ठिवतो," हे म्हणाले.

"लपवायचं न्हाई," मामंजी म्हणाले. "हाय तितं राहू दे."

आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "आपली नात जित्ती हाय ती कुनाच्या हातानं? ही सून हितं बसलीय ती कुनामुळं? कंपनीचं काय घर बुडनार हाय का? बाईंचं बुडल."

मामंजींनी नुसती मान खाली घातली. आत्याबाईंना त्यावरून उत्तर समजलं असावं. त्यांनी मामंजींचं ताट वाढून समोर सरकवलं आणि त्यानंतर एक शब्दही बोलल्या नाहीत. मला दोघांचंही खरं वाटत होतं. मुलीला मांडीवर थोपटत मी विचार करत होते की हाच प्रकार त्या शेटजींच्या वेळी किती चटकन मिटला होता.

चार दिवसांनी साहेब आले. नावाला साहेब, पण आपल्यातलेच, मुंबईचे. डोक्यावर सोला टोपी, हातात चामड्याची बॅग. आधी त्यांनी मावशींच्या घरी जाऊन जळालेली बाजू पाहिली आणि तिथून ते थेट दुकानात आले. ह्यांनी घाईघाईनं खुर्ची पुढे केली. साहेबांनी बसायच्या आधी टोपी काढली आणि सगळ्यांत जवळ जे होतं त्यावर ठेवली. ते टेबलच होतं. मग लिहायला सपाट जागा हवी म्हणून त्यांनी चादर थोडी मागे सारली, कागद पसरले आणि लेखणी काढली.

मी आतल्या दारात उभी होते. ह्यांचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसत होता.

साहेब यादी वाचू लागले. "जेवणाचं टेबल, सागवानी, गोल कोपरे, कोरीव पाय. हे तुम्ही केलेलं?"

"व्हय."

"चांगलं होतं का?"

"लय चांगलं," मामंजी म्हणाले. "तसं पुन्ना झालं न्हाई माज्या हातून."

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांचं कोपर त्याच टेबलाच्या गोल कोपऱ्यावर टेकलेलं होतं. "आणि ते पूर्ण जळालं? म्हणजे काही दुरुस्त होण्यासारखं उरलेलं नाही ना?"

मामंजींनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सायेब, तुमी डबा आनलाय का?"

साहेबांनी वर पाहिलं. "आणलाय. का?"

"मग जेवून घ्या. मला बाईंला एक गोष्ट इचारायची हाय. इचारून आलो की तुमाला सांगतो."

साहेबांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण लेखणी बंद केली. "दुपारच्या गाडीनं मला परत जायचंय," एवढंच म्हणाले.

मामंजींनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि मला म्हणाले, "चल पोरी." मी मुलीला आत्याबाईंकडे दिलं. त्यांनी ती घेतली, मामंजींकडे मात्र पाहिलं नाही. आमच्या माघारी ह्यांनी साहेबांना कारखाना दाखवायला नेलं. प्रत्येक रंधा, प्रत्येक सांधा दाखवला, असं मागाहून हसून सांगायचे. तेव्हा मात्र घाम फुटला होता.

ऊन कडक होतं. मामंजी पुढे, मी मागे, असे आम्ही चाललो होतो. मधेच ते थांबले आणि मी जवळ आल्यावर म्हणाले, "तुला काय वाटतं?"

सासरी मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी खाली बघत म्हणाले, "मावशींचं तोंड उतरलेलं मला बघवणार नाही, मामंजी. आणि तुमचंही नाही बघवणार."

त्यांनी मान हलवली. "माजंबी तसंच हाय," म्हणाले आणि चालू लागले.

मावशी पुढच्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. घराला अजून जळकट वास येत होता. आम्हाला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"झालं का त्यांचं विचारून?"

"न्हाई, बाई. अजून बसलेत," मामंजी पायरीवर टेकत म्हणाले. "टेबल जळालं का म्हनून इचारतायत."

"मग?"

"ते माज्या तोंडून निगत न्हाई."

मावशींचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला व्हता. कुनाला सांगितलं न्हाई, आन् सांगनारबी न्हाई. सायबालाबी न्हाई. पर ते टेबल म्या केलंय. डाक्टर रोज सांच्याला येऊन बघत बसायचे, कुटवर आलंय म्हनून. ते धडधाकट उभं हाय आन् म्या म्हनू का जळालं? तेवडं मला करायला लावू नका."

"म्हणजे तुम्ही गप्प बसणार आणि साहेब काय समजायचं ते समजून घेणार. मी बुडायची ती बुडणारच."

मामंजी पागोटं काढून हातात घेऊन बसले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू गं? तू कशाला आलीस? सासऱ्याच्या बाजूनं बोलायला?"

"नाही," मी म्हणाले. "मामंजी परत गेले की तुमच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून आले. संध्याकाळपर्यंत मी इथंच राहणार आहे."

मावशींनी सूप पुन्हा हातात घेतलं. थोडे तांदूळ निवडले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या खडे शोधत राहिल्या. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "साहेब माणूस कसा आहे?"

"बरा वाटतो," मामंजी म्हणाले. "टोपी काडून बोलतो."

"टोपी कुठं ठेवली त्यांनी? तुमच्या दुकानात तर बोट ठेवायला जागा नसते."

मामंजी जरा अडखळले. "तुमच्याच टेबलावर ठिवलीय, बाई. आन् त्याच्यावरच यादी लिवत बसलेत."

मावशी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या कितीतरी वेळ हसत होत्या. मलाही हसू आलं. मामंजी मात्र काय चुकलं म्हणून आम्हा दोघींकडे बघत होते. हसता हसता मावशींनी डोळे पुसले, सूप बाजूला ठेवलं, हात धुतले आणि कोपऱ्यातली छत्री उचलली.

"चला," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका सांगू आणि गप्पही नका बसू. मीच सांगते."

आम्ही तिघं बाजारातून चालत दुकानात आलो. साहेब डबा आटोपून पुन्हा खुर्चीवर बसले होते. मावशींना पाहून उठले. मावशींनी एका हातानं चादर ओढून काढली.

"यादीतलं पहिलं टेबल ते हे," त्या म्हणाल्या. "जळालं नाही. गेल्या वर्षी मी ते विकलं. दुसरं कपाटही विकलं. यादी जुनी होती. मी ती वाचूनच सही केली आहे, न वाचता केली असं सांगणार नाही."

साहेबांनी चादरीबरोबर घसरलेली टोपी उचलली आणि ती हातात धरून उभे राहिले. टेबलाच्या पायांकडे, कोरीवकामाकडे त्यांनी आता पहिल्यांदा नीट पाहिलं. मग मामंजींकडे पाहिलं. कारखान्यातलं काम थांबलं होतं.

"तुम्ही आज सांगितलंत ते बरं झालं," साहेब शेवटी म्हणाले. "मी माझा रिपोर्ट लिहून पाठवल्यावर हे बाहेर आलं असतं तर एक पैसाही मिळाला नसता, आणि पुढं काय काय झालं असतं ते सांगवत नाही." त्यांनी कागद मावशींपुढे सरकवले. "या दोन ओळी तुमच्या हातानं खोडा आणि शेजारी सही करा. बाकीचं मी पाहून आलो आहे. पण कागद तुमच्या दिरांच्या मार्फत आलेत. त्यांना कळवावं लागेल."

"कळवा," मावशी म्हणाल्या आणि त्याच टेबलावर वाकून त्यांनी दोन्ही ओळी खोडल्या.

त्या दिवशी मी ठरवल्याप्रमाणे मावशींकडेच राहिले. आम्ही दोघींनी राहिलेले तांदूळ निवडले, राहणाऱ्या बायकांना जेवू घातलं. मावशी फारसं काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांनी धडा गिरवायला बसवलं आणि जोडाक्षरं चुकली म्हणून नेहमीसारखं रागावल्या. संध्याकाळी घरी आले तर आत्याबाई मामंजींना विचारत होत्या, "भाकरी गरम करू का?" तेवढ्यावरून मला समजलं की घरातलं वादळ ओसरलं.

दीर आले ते पावसाच्या तोंडावर. आधी मावशींकडे गेले. तिथं काय झालं ते मावशींनी नंतर सांगितलं. सबंध दुपार बोलत होते. डॉक्टरांनी हौसेनं करवून घेतलेलं सामान परस्पर विकलंत, मला विचारलं नाहीत, आता हे घर चालवायचं नाही, असं सगळं. मावशींनी त्या आजारी शिक्षिकेबद्दल सांगितलं तेव्हा ते थोडे थांबले. पण राग गेला नव्हता, कारण तिथून ते तडक आमच्या दुकानावर आले.

"घरच्या माणसाला न विचारता सामान विकत घेता?" त्यांनी मामंजींना दरडावून विचारलं.

"सामान बाईंच्या घरातलं, इकलं बाईंनी," मामंजी म्हणाले. "ते बगा हितंच हाय."

वकीलसाहेब टेबलाजवळ गेले. आधी त्यांनी नुसता हात फिरवला. मग खुर्ची ओढून एका बाजूला बसले आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "दादा तिकडे बसायचा," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी वेगळा लागला. "सुट्टीत आलो की मी इथं आणि तो तिकडे. जेवण झालं तरी आम्ही उठायचो नाही. वहिनी ओरडायच्या."

मामंजींनी कारखान्यातल्या माणसांना खूण करून काम थांबवायला लावलं. वकीलसाहेब बराच वेळ बसले होते. उठताना त्यांनी विचारलं, "हे पुण्याला पोचवता येईल का?"

टेबल गाडीनं पुण्याला गेलं. मामंजींनी त्याचे पाय सुटे केले, गोणपाटात बांधले आणि स्वतः सोबत जाऊन वकिलांच्या घरी पुन्हा जोडून दिले. घर विकायचं बोलणं त्यानंतर निघालं नाही असं नाही. ते अधूनमधून निघायचंच. पण पुढं काही झालं नाही. विम्याचे जे पैसे मिळाले त्यात जेवायची खोली काही पुन्हा उभी राहिली नाही. मावशींनी जळकी जागा साफ करून तिथे भाजी लावली आणि माणसं ओसरीवर पाटावर बसून जेवू लागली. आजारातून उठलेल्यांना खाली बसवत नाही म्हणून मामंजींनी त्यांच्यासाठी मुद्दाम उंच पाट करून दिले.

गावात ही गोष्ट पसरली, पसरायचीच. मावशींना काही काळ बाजारात यायला जड जायचं. अशा वेळी आत्याबाई त्यांच्याबरोबर जायच्या आणि कोणी जास्त बघत थांबलं की त्याच्याकडे तशाच बघत राहायच्या. विम्यासाठी खोटं बिल करून द्या म्हणून मामंजींकडे त्यानंतरही एक-दोन माणसं आली. त्यातला एक तर त्यांचा जवळचा मित्र होता. त्यालाही मामंजी नाहीच म्हणाले. पण आता ते अशा माणसाला आधी बसवून घ्यायचे, चहा सांगायचे, घरात नेमकी काय अडचण आहे ते विचारायचे. शेटजींच्या वेळी त्यांनी असं काही विचारलं नव्हतं.

मग लढाई आली. मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली आणि माणसं मिळेल त्या गाडीनं घाट चढून वर आली. लोणावळ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. मावशींचं घर ओसंडून वाहू लागलं, तेव्हा त्यांनी मामंजींना न विचारताच दोन कुटुंबं आमच्या कारखान्यात पाठवून दिली. भुसा झाडून, रंधे भिंतीला लावून आम्ही त्यांच्या पथाऱ्या घातल्या. सकाळ-संध्याकाळ मावशी तिकडे चक्कर टाकायच्या. मुलांना दूध मिळालं की नाही ते बघायच्या आणि कारखान्यात लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास फार येतो म्हणून मामंजींना बोलायच्या. मामंजी मान खाली घालून ऐकून घ्यायचे, आणि त्या गेल्या की सरसाचं भांडं मुकाट्यानं बाहेर अंगणात नेऊन ठेवायचे.